आज्ञावलीचे वळण : प्रस्तावना

२०२१ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेला सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांनी काठ सोडून महाडच्या बाजारपेठेत प्रवेश केला, आणि पाणी ओसरल्यानंतर दुकानांच्या ओट्यांवर, पतपेढ्यांच्या कपाटांत व घरांच्या माजघरांत जो गाळ उरला, त्यातून जे वाचेल ते वाचवण्याच्या धडपडीत आमच्या हाती हिशेबाच्या वह्या पुष्कळ लागल्या. आळीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या माळ्यावर दोऱ्या बांधून आम्ही चौघांनी कीर्द-खतावणीची सुटी झालेली पाने, धुतलेली वस्त्रे वाळत घालावीत तशी, एकेक करून वाळत घातली. शाई निम्म्याहून अधिक विरघळली होती आणि कागदाला चिखलाचा पिवळट रंग चढला होता. परंतु चार दिवसांनी ती पाने घेऊन उजेडात बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या वह्या छापील रकान्यांच्या होत्या, त्यांतील पुसट झालेला आकडा कशाचा हे त्याच्या जागेवरून ओळखता येत होते : डाव्या अंगाचा तो जमेचा, उजव्या अंगाचा तो नावे टाकलेला, मधला आखूड तो खतावणीच्या पानाचा. शेजारच्या एका वहीत मात्र मालकांनी स्वतःच्या सोयीने कधी समासात, कधी तिरपे, कधी दोन ओळींच्या मध्ये लिहिले होते; तिच्यातील शाई तुलनेने बरी टिकलेली असूनही कोणता आकडा कोणाच्या खात्याचा याचा उलगडा अखेरपर्यंत झाला नाही. ती वही लिहिणारे गृहस्थ अत्यंत सचोटीचे आणि हिशेबात पक्के होते, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांचा हिशेब बिनचूक होता. तो दुसऱ्याला वाचता येईल असा मांडलेला नव्हता, एवढेच.

मी व्यवसायाने संगणकाच्या आज्ञावली लिहितो, आणि त्या माळ्यावर बसलो असता माझ्या मनात सारखा हाच विचार येत होता की, आम्ही प्रोग्राम लिहिणारे लोक आजवर त्या दुसऱ्या वहीच्या पद्धतीनेच लिहीत आलो. आज्ञावलीतील ओळ कोठे तोडावी, कंसाच्या आधी जागा सोडावी की नाही, आतली ओळ किती आत घ्यावी, याची संगणकाला बहुतेक भाषांत फिकीर नसते. त्याला अर्थाशी काम. मांडणीची गरज असते ती ही आज्ञावली उद्या, सहा महिन्यांनी किंवा लिहिणारा सोडून गेल्यानंतर वाचणाऱ्या माणसाला. ही मांडणी प्रत्येकाच्या लहरीवर न ठेवता, आणि केवळ नियमांचा तक्ता भिंतीवर लावूनही न थांबता, ती सर्वस्वी एका स्वयंचलित साधनाच्या, म्हणजे फॉरमॅटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका आज्ञावलीच्या स्वाधीन करावी, हे या पुस्तिकेचे प्रतिपाद्य आहे. विषय दिसायला लहान आहे. पण लहान दिसणाऱ्या विषयांवर आमच्या धंद्यात जितके तास वादात गेले, तितके मोठ्या विषयांवर गेलेले मी पाहिले नाहीत.

मराठीत हस्ताक्षराच्या घडणीला ‘वळण’ म्हणतात आणि माणसाच्या शिस्तीलाही ‘वळण’च म्हणतात, हे आपल्या भाषेचे एक मर्मग्राही लक्षण आहे. मोडी लिपीत तर वळणांची घराणीच होती : चिटणीशी वळण, बिवलकरी वळण, रानडी वळण. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची, मग त्या रेघेला टांगल्यासारखी अक्षरे बोरू शक्य तितका न उचलता एकात एक गुंफत न्यायची, शब्दांमध्ये अंतर सोडायचे नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. लिहिणाऱ्याच्या वेगाला याहून अनुकूल लिपी शोधून सापडली नसती. पोलादपूर तालुक्यातील आमच्या मूळ घरी पणजोबांच्या काळातील काही मोडी कागद आहेत. ते वाचता यावेत म्हणून मी मोडीची अक्षरओळख करून घेतली, आणि एका कारकुनाचे अक्षर आठवडाभराच्या खटपटीने जेमतेम डोळ्याखालून जाऊ लागले तोच बाडातील पुढचा कागद दुसऱ्या हाताचा निघाला आणि माझे वाचन पुन्हा पहिल्या दिवसावर आले. भाषा तीच, लिपी तीच, विषयही तोच सारामाफीचा. बदलला होता फक्त हात.

याच कागदांनी मला दुसरी बाजूही दाखवली. अक्षर लागत नसतानाही पत्र कोणाचे, कोणाला, कोणत्या तारखेचे हे मला पुष्कळदा सांगता येत होते, कारण मायना कोठे, तारीख कोठे, मजकुराचा आरंभ कोठे हे शिरस्त्याने ठरलेले होते. हा शिरस्ता बसवण्यात आमच्याच महाड तालुक्यातील एका डोंगरमाथ्याचा मोठा वाटा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडावर जे दफ्तर उभे राहिले, त्यात बाळाजी आवजींसारखे चिटणीस होते, आणि रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून फारसी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द नेमून देण्याचा उद्योगही त्याच काळातला. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा उमटे, म्हणजे तिच्यापुढे कोणी एक शब्दही वाढवू नये. पत्रातील हुकूम गडागणिक निराळा असेल, परंतु पत्राची चौकट निराळी नसे, आणि त्यामुळेच बनावट कागद ओळखू येई. शब्द कोणता वापरावा, मुद्रा कोठे उमटवावी यांसारख्या गोष्टींचा एकदाच निकाल लावून टाकावा, म्हणजे कारभाऱ्याची बुद्धी कारभाराला मोकळी राहते, ही जाण त्या दफ्तरामागे होती असे मला वाटते.

आजच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर त्याने सातबाराचा उतारा काढून पाहावा. वर गाव नमुना सात, खाली गाव नमुना बारा. तलाठी बदलतात, हात बदलतात, आता तर उतारा संगणकावरूनच निघतो, तरी पोलादपूरच्या डोंगरातील लिहिता-वाचता न येणारा शेतकरीसुद्धा आपले नाव कागदावर कोणत्या अंगाला असते हे बोट ठेवून दाखवतो.

आता एक प्रसंग सांगतो. या पुस्तिकेचे मूळ त्या प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे मिळून एका पतसंस्थेच्या कर्जखात्याची आज्ञावली सांभाळीत होतो. हप्ता मुदतीनंतर भरणाऱ्याकडून सूचनापत्राचा खर्च म्हणून १२ रुपये घ्यावेत असा ठराव संस्थेने केला, आणि माझ्या सहकाऱ्याने त्याप्रमाणे एका ओळीची भर घातली. आज्ञावली जावा भाषेत होती. ‘हप्ता मुदत ओलांडून आला असेल तर’ अशी अट, तिच्याखाली थोडी आत घेतलेली ‘विलंबाची नोंद करा’ ही जुनी ओळ, आणि तिच्या बरोबर खाली, तितकीच आत घेतलेली ‘पावतीत १२ रुपये मिळवा’ ही नवी ओळ. डोळ्यांना दोन्ही ओळी अटीच्या पोटात दिसत. परंतु अटीभोवती महिरपी कंस नव्हते, आणि कंस नसले की भाषेच्या व्याकरणाप्रमाणे अटीचा अंमल फक्त पहिल्या विधानापुरता चालतो. दुसरी ओळ दिसायला आत होती, अर्थाने बाहेर होती. परिणामी वेळेवर भरणाऱ्याच्याही पावतीत १२ रुपये चढू लागले.

ही भर रुजू करण्यापूर्वी ती तपासण्याचे काम माझे होते, आणि मी ते केले नाही. म्हणजे केल्याची खूण केली, पण वाचले नाही. न वाचण्याचे कारण असे की, माझ्या सवयीने सर्व फाइल टॅबने आत घेतलेली होती आणि सहकाऱ्याच्या संपादकाने फाइल उघडताच प्रत्येक टॅबच्या जागी चार स्पेस घातल्या होत्या. बदल एका ओळीचा असताना तुलनेच्या पडद्यावर चारशेहून अधिक ओळी तांबड्या-हिरव्या झाल्या. त्या चारशेंत ती एक शोधण्याचे कष्ट माझ्या डोळ्यांनी घेतले नाहीत. अकराव्या दिवशी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरून एक आजीबाई एस.टी.ने खाली आल्या, घडी करून कनवटीला लावलेली पावती त्यांनी माझ्यासमोर उलगडून ठेवली आणि शांतपणे विचारले, “दादा, मी हप्ता तारखेच्या आत भरलाय, मग हे बारा रुपये कसले?” त्यांच्या गाडीभाड्याला १२ रुपयांहून अधिक पैसे लागले होते. त्या आल्या त्या पैशासाठी आल्या नव्हत्या. कागदावर आपल्या नावापुढे उशिराचा डाग लागू नये म्हणून आल्या होत्या.

रक्कम त्याच दिवशी सर्वांच्या खात्यांत परत केली. त्या संध्याकाळी मी प्रथमच संपूर्ण आज्ञावलीवर फॉरमॅटर चालवून पाहिला, आणि दुरुस्ती करण्यापूर्वीची ती सदोष फाइल मुद्दाम त्याच्या हवाली केली. क्षणार्धात ती १२ रुपयांची ओळ अटीच्या पोटातून निघून डावीकडे, अटीच्या बरोबरीने, आपल्या खऱ्या जागी जाऊन उभी राहिली. साधनाला त्यात चूक आहे हे कळले नव्हते. त्याने केवळ व्याकरणाला जे दिसते ते माणसाच्या डोळ्यांना दाखवले होते. नवशिका विद्यार्थीही ती ओळ पाहून थबकला असता.

हा दोष एकट्या आमच्याच अदूरदृष्टीचा होता असेही नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आपल्या उपकरणांतील सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत तातडीची दुरुस्ती प्रसृत करावी लागली. सी भाषेतील त्या आज्ञावलीत एक ‘गोटू फेल’ ही आज्ञा चुकून लागोपाठ दोनदा आली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत, कंस नाहीत, आणि म्हणून दुसरी ओळ अटीविना नेहमीच अंमलात येऊन पुढची सहीची तपासणी वगळली जात होती. आमच्या बारा रुपयांचे आणि त्या जगभर गाजलेल्या प्रमादाचे व्याकरण अक्षरशः एकच. पुढे २०१६ मध्ये जीसीसी या प्रसिद्ध अनुवादकाच्या सहाव्या आवृत्तीत दिशाभूल करणाऱ्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोयच करण्यात आली.

फॉरमॅटर करतो काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयीचे बहुतेक भय अज्ञानातून येते. संस्कृत श्लोक शिकवताना शास्त्री जसा प्रथम अन्वय लावतात, कर्ता कोणता, क्रिया कोणती, विशेषण कशाचे हे वेगळे काढतात, तसा हा प्रथम आज्ञावलीचा अन्वय लावतो. कोणते विधान कोणत्या अटीच्या अधीन आहे याचा एक वृक्ष सिद्ध करतो. मग लिहिणाऱ्याने सोडलेल्या जागा आणि तोडलेल्या ओळी बहुतांशी विसरून जाऊन त्या वृक्षावरून सर्व मजकूर आपल्या नियमांनी नव्याने उतरवून काढतो. पायथन भाषेचा ब्लॅक हा फॉरमॅटर तर उतरवून झाल्यावर नव्या मजकुराचा पुन्हा अन्वय लावून तो जुन्याशी जुळतो की नाही याचा स्वतःच ताळा घेतो. चांगल्या फॉरमॅटरचे दुसरे लक्षण असे की, त्याने एकदा मांडलेला मजकूर त्यालाच पुन्हा दिला तर एका चिन्हाचाही फरक न होता परत आला पाहिजे.

या कल्पनेचा इतिहास येथे थोडक्यातच सांगतो. विस्तार पहिल्या प्रकरणात आहे. लिस्प भाषेतील कंसांचे अरण्य माणसाला वाचता यावे म्हणून १९६७ च्या सुमारास बिल गॉस्पर यांनी तसे साधन रचले. १९७० नंतरच्या दशकात युनिक्सच्या परिसरात सी भाषेसाठी ‘इंडेंट’ आले. १९८० मध्ये डेरेक ओपेन यांनी ओळी कोठे तोडाव्यात याची एक कार्यक्षम रीत शोधनिबंधात मांडली. म्हणजे साधने जुनीच होती. तरीही वाद संपला नव्हता. त्याचे कारण माझ्या मते असे की, या साधनांना शेकडो पर्याय होते. महिरपी कंस अटीच्याच ओळीत, कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथाप्रमाणे, ठेवावा की एरिक ऑलमन यांच्याप्रमाणे स्वतंत्र ओळीवर न्यावा, हा वाद साधनाच्या आधी होता तसाच साधनाच्या नंतर पर्यायांच्या फाइलीत जाऊन बसला. भांडण मिटवण्यासाठी आणलेल्या पंचालाच दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे लिहून द्यावे आणि त्याने ते दोन्ही मंजूर करावे, असा तो प्रकार होता.

खरी क्रांती २००९ च्या नोव्हेंबरात झाली. गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन टॉमसन यांनी सिद्ध केलेली गो भाषा त्या महिन्यात जाहीर झाली, आणि तिच्याबरोबर जन्मतःच ‘गोफम्ट’ हा फॉरमॅटर आला, ज्यात शैलीविषयी निवडीला जवळजवळ वाव ठेवलेला नव्हता. बाहेरच्या कोणी त्या भाषेतील पहिली ओळ लिहिण्याआधीच मांडणी ठरलेली, त्यामुळे भांडायला जुने पक्षच नव्हते. २०१७ मध्ये जेम्स लाँग यांनी जावास्क्रिप्टसाठी प्रेटिअर प्रसिद्ध केला आणि २०१८ मध्ये लुकाश लांगा यांनी पायथनसाठी ब्लॅक. दोघांनीही पर्याय हट्टाने कमी ठेवले. रॉब पाइक यांनी २०१५ मध्ये एका भाषणात काढलेल्या उद्गारांचा आशय असा की, गोफम्टची मांडणी कोणा एकाच्याही मनापासून आवडीची नाही, पण गोफम्ट मात्र सर्वांना प्रिय आहे. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांवर पंडितांचे वाद झाले, अनुच्चारित अनुस्वार गेल्याची हळहळ पुष्कळांना वाटली, माझ्या आजोबांनी तर शेवटपर्यंत तो दिला. परंतु त्या नियमांमुळे शाळामास्तरांपासून जुळाऱ्यापर्यंत सर्वांना एकच प्रमाण मिळाले, आणि लिहिणाऱ्याच्या मनावरचे एक ओझे उतरले, हे नाकारता येत नाही.

ओळीची लांबी हे याच प्रकरणातले एक मनोरंजक पोटकलम. ८० अक्षरांची मर्यादा पुष्कळांना दैवी वाटते. तिचे मूळ आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या ८० स्तंभांच्या छिद्रित पत्रिकेत आहे. पायथनच्या २००१ मधील पेप ८ या नियमावलीने ७९ धरले, ब्लॅकने ८८. आकडा कोणता यावर मी एक तासही खर्च करणार नाही. मर्यादा असावी आणि ती यंत्राने पाळावी, इतके मला पुरे आहे.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो प्रामाणिक आहे आणि तो माझ्याच विद्यार्थ्यांनी घेतलेला आहे. शनिवारच्या माझ्या वर्गाला पोलादपूर, बिरवाडी आणि खुद्द महाड येथील मुले-मुली येतात. काही जण लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतात. त्यांच्यातील एका मुलीने मला विचारले, “सर, सगळ्यांचं लिहिणं सारखंच दिसायला लागलं तर माझं काय राहिलं त्यात?” प्रश्न मोलाचा आहे. जिने स्वतःच्या मेहनतीने सुबक मांडणी कमावली आहे, तिला ती यंत्राच्या स्वाधीन करताना दुःख होणारच.

मी तिला उत्तर दिले ते असे. केसरीची स्थापना १८८१ साली झाली, आणि त्याच्या आरंभीच्या वर्षांत आगरकरांचे लेख आणि टिळकांचे लेख एकाच छापखान्यातील खिळ्यांनी जुळत. जुळाऱ्यापुढे आलेल्या दोघांच्या हस्तलिखितांचे वळण भिन्न असणारच. छापून निघालेल्या कागदावर त्या वळणाचा लवलेश उरत नसे. तरी आगरकरांचा परिच्छेद कोणता आणि टिळकांचा कोणता हे जाणत्या वाचकाला आजही सहीवाचून सांगता येते. छापखान्याने हस्ताक्षर घेतले, शैली घेतली नाही. ती कोठे राहते हे उलट त्यामुळेच स्पष्ट झाले. आज्ञावलीतही शैली आहे आणि ती मोठी गोष्ट आहे : चलाला कोणते नाव दिले, एका मोठ्या कामाचे तुकडे कोठे पाडले, अपवादाचा विचार आधी केला की नंतर, टिप्पणीत काय सांगितले आणि काय वाचकाच्या समजुतीवर सोपवले. यांतील एकाही गोष्टीला फॉरमॅटर हात लावीत नाही. त्या मुलीने पुढे एका फळबागायतदारासाठी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारी आज्ञावली लिहिली. ती फॉरमॅटरमधून गेलेली आहे, आणि वर्गातील कोणाला विचारले तरी ती तिचीच आहे हे ते नावांवरून ओळखतात.

त्याबरोबरच या साधनाकडून नको ती अपेक्षाही कोणी धरू नये. चुकीचा हिशेब सुबक मांडून तो बरोबर होत नाही. विशेषतः पायथन भाषेत ओळ किती आत आहे यावरच अर्थ ठरत असल्यामुळे तेथे चुकीच्या जागी आत घेतलेली ओळ फॉरमॅटर चुकीच्या जागीच ठेवतो. आमची बारा रुपयांची चूक त्याने तेथे उघडी पाडली नसती. काही ठिकाणी हाताने जुळवलेली मांडणीच अर्थवाही असते, जसा व्याजदरांचा एखादा कोष्टकवजा तक्ता. तेवढ्या भागापुरते साधनाला थांबवण्याची खूण करता येते आणि ती करावी, मात्र क्वचित.

मराठी मजकुराची एक अडचण येथे सांगणे अगत्याचे आहे, कारण परदेशी पुस्तकांत ती सहसा आढळत नाही. आमच्या आज्ञावलींत पावत्यांचा, सूचनांचा मजकूर देवनागरीत असतो. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, परंतु संगणकाच्या संचिकेत ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा संकेतबिंदूंनी साठवलेले असते. ओळीची लांबी संकेतबिंदूंनी मोजणाऱ्या साधनाला मराठी ओळ डोळ्यांना दिसते त्याहून पुष्कळ लांब वाटते आणि ते ती अकारण तोडू पाहते. यावर मी अवलंबिलेला मार्ग असा की, मराठी मजकूर आज्ञावलीत विखुरलेला ठेवायचाच नाही. तो सर्व एका स्वतंत्र फाइलीत एकत्र नेऊन ठेवायचा. असे केल्याने पावतीवरील भाषा सुधारायला मराठीच्या शिक्षकांना बसवता येते, हा लाभ त्याहून मोठा ठरला.

जुन्या आज्ञावलीवर हे साधन प्रथम कसे आणावे याविषयी चौथ्या प्रकरणात सविस्तर लिहिले आहे, आणि घाई असणाऱ्याने निदान तेवढे वाचावे. त्याचे सार हे की, मांडणीचा बदल आणि अर्थाचा बदल एकाच कमिटमध्ये कदापि मिसळू नये. एक दिवस ठरवावा, त्या दिवशी सर्वांनी आपापले अर्धवट काम आधी रुजू करावे, मग संपूर्ण दफ्तरावर एकदाच फॉरमॅटर चालवून तेवढाच बदल स्वतंत्रपणे नोंदवावा. मात्र त्या बदलामुळे पुढे कोणती ओळ कोणी लिहिली याचा शोध घेताना प्रत्येक ओळीपुढे त्या एका दिवसाचेच नाव येते. गिट या साधनात २०१९ च्या २.२३ या आवृत्तीपासून असा बदल शोधातून वगळण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. फॉरमॅटरची आवृत्तीही सर्वांच्या यंत्रांवर एकच असावी, कारण आवृत्ती बदलली की त्याचे नियम थोडे बदलतात आणि गेलेले भांडण मागील दाराने परत येते. आणि सेव्ह करताच मांडणी आपोआप होईल अशी व्यवस्था करून ठेवावी. आठवण ठेवून करायची शिस्त पावसाळ्यातल्या आमच्या विजेसारखी असते, ऐन गरजेच्या वेळी जाते.

ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे कारण विचारले गेले, म्हणून सांगतो. या विषयावर इंग्रजीत उत्तम साधने आहेत, आणि माझे विद्यार्थी ती वाचू शकतात. परंतु ज्या भाषेत त्यांनी कीर्द, खतावणी, सातबारा आणि मोर्तब हे शब्द ऐकले, त्या भाषेत हा विषय मांडला की तो परका राहत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. मांडणीची शिस्त ही बाहेरून आलेली वस्तू आहे असे त्यांना मग वाटत नाही.

पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरण छापण्यापूर्वी फॉरमॅटरमधून काढलेले आहे आणि चालवून पाहिलेले आहे. तरीही कोठे ओळ चुकलेली आढळली तर वाचकांनी अवश्य कळवावे. आणि एक विनंती : हे पुस्तक मिटल्यावर आपल्याजवळची सर्वांत जुनी, जिला हात लावायला कोणी धजत नाही अशी फाइल काढावी, तिची एक प्रत सुरक्षित बाजूला ठेवावी, मूळ फाइलीवर फॉरमॅटर चालवावा, आणि कोणती ओळ अटीच्या पोटातून बाहेर येऊन उभी राहते ते स्वस्थपणे बसून पाहावे.

महाड, जिल्हा रायगड